मावशी आली की

पिरेअस, ४ मार्च

प्रिय ताई,

शाळेच्या मागच्या अंगणात आपण वेदीवरची कापडं वाळत घालत होतो. बेटावरचा तो वारा. कापड घट्ट धरलं तर आपणच उडून जाऊ असं वाटायचं. माझ्या डोळ्यात चुन्याचा कण गेला आणि मी रडायला लागले. तू रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलंस, माझी हनुवटी धरलीस आणि म्हणालीस, "वर बघ. आता खाली. आता माझ्याकडे बघ." कण निघाला तरी तू हनुवटी सोडली नाहीस. "अनेझी, तुझे डोळे लांबून निळे दिसतात आणि जवळून राखाडी. अगदी बाबांचे." तेवढ्यात सिस्टर ओदिल मागून ओरडल्या, "मुलींनो, देवाची कापडं ओली राहिली आणि तुम्ही काय बघत बसल्यात?"

पत्र कुठून सुरू करावं कळेना, म्हणून तिथून केलं.

आता खरं सांगते. तुझी मार्केला आणि तिची मेना परवापासून माझ्याकडे राहिल्या आहेत. मेनाला इथल्या मुलांच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. हॉटेलात उतरणार होत्या, मीच नको म्हटलं. "आईला सांगू नकोस" असं मार्केला म्हणाली, पण तुझ्यापासून लपवून तुझी नात माझ्या घरात ठेवणं मला जमणार नाही.

मेना आता आतल्या खोलीत झोपली आहे. दुपारचं ऊन पडद्यातून तिच्या पायांवर आलेलं असेल. असेल म्हणते, कारण मी बघितलेलं नाही. ताई, मी तिला बघितलेलं नाही, शपथेवर सांगते. दार उघडलं तेव्हा मी तिच्या बुटांकडे बघितलं. लाल बूट, एकाचा बंद सुटलेला. त्यानंतर जमिनीकडे, टेबलाकडे, चुलीकडे. नजर खाली ठेवायची सवय आपल्याला नन्सनी लावली, ती माझ्या एवढी कामी येईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

काल जेवताना ती मला म्हणाली, "मावशीआजी, माझ्याशी कट्टी आहे का?"

"नाही गं राणी."

"मग वरणाशी का बोलतेस?"

मार्केला हसली. मीही हसले, वरणाकडे बघून.

पुरळ मी पाहिलेलं नाही, पण रात्रीचं खाजवणं ऐकू येतं. छातीवर आहे, पोटावर बेंबीखाली आहे आणि आता कोपरांच्या वळणातही आलं आहे असं मार्केला सांगते. उद्या पाठीवर पट्ट्या लावणार आहेत, औषधांचे ठिपके असलेल्या. दोन दिवसांनी काढून बघायचं.

मी फक्त तिचा आवाज ऐकते. आवाजाने कुणाला काही होत नाही ना, ताई?

तुझी
अनेझिना


पिरेअस, ९ मार्च

प्रिय ताई,

उत्तर येणार नाही हे माहीत आहे, तरी पोस्टमन येऊन गेला की मी खाली जाते.

दवाखान्यात काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. तू मन लावून वाच, मग हवं तर फाड.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केस मुलासारखे कापलेले. मेनाच्या पाठीवरच्या पट्ट्या काढल्या तर एका ठिपक्याखाली लालभडक चट्टा उठलेला, असं मार्केलाने सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे निकेल. स्वस्तातल्या धातूत असतं. हिच्या अंगाला ते चालत नाही." मग त्यांनी कापसाचा बोळा कसल्याशा पाण्यात बुडवला आणि मेनाच्या पँटच्या बटणावर घासला. कापूस गुलाबी झाला, म्हणजे बटणात निकेल. जादूचा खेळ बघावा तशी मेना खूश. "अजून कर! अजून कर!"

"हे झालं पोटाचं," बाई म्हणाल्या. "छातीवर काय लागतं?"

मार्केला जरा घुटमळली. मग तिने मेनाच्या बनियनच्या आतून सेफ्टीपिन काढली. निळा काचेचा मणी, छोटा क्रूस. "आई लावते. दृष्टीसाठी."

मी जमिनीकडेच बघत होते, म्हणून ती मला आधी दिसली, मार्केलाच्या तळहातावर. ताई, ती मीच आणलेली पिन. मार्केलाच्या बाप्तिस्म्याला, मी तिची धर्ममाता झाले तेव्हा, इथल्याच बाजारातून घेतली होती. मण्याचा कोपरा थोडा उडालेला आहे. तू अजून जपून ठेवलीस.

बाईंनी बोळा फिरवला. बटणाहून गडद गुलाबी.

मग त्यांनी मार्केलाला विचारलं, "तुम्हाला स्वतःला कधी असं?"

"मला घड्याळ चालत नाही, खोटे कानातले चालत नाहीत. लहानपणी छातीवर यायचं, इथे, डावीकडे." आणि थंडीत गुडघा दुखतो असं कुणी सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "मावशी आली की यायचं."

म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

बाईंना काय कल्पना! त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "मावशी आली की? मग मावशी यायची तेव्हा अंगावर काय वेगळं असायचं?"

मेना तेवढी म्हणत होती, "अजून कर ना."

मी म्हणाले, "पिन."

ताई, आठव. आपण शिकलेल्या मुली, शाळेत दृष्ट मानणं पाप म्हणून शिकवलेलं, तुझा नवराही चेष्टा करायचा. म्हणून तू पिन कपाटात ठेवायचीस. मी आले की ती निघायची. पहिल्या वर्षी माझा मान म्हणून, मी दिलेली वस्तू पोरीच्या अंगावर मला दिसावी म्हणून. मी गेले की परत कपाटात. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोरीच्या छातीवर चट्टा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते लगेच उठत नाही, एक-दोन दिवस घेतं. म्हणून दर वेळी मी बोटीत बसल्यावरच ते यायचं. आणि पुढच्या खेपेला तू पिन लावलीस ती माझ्या मानासाठी नाही, माझ्या भीतीने. थाळीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडायचीस, तेल पसरायचं, म्हणजे दृष्ट लागलेली, मग तू पुटपुटत ती काढायचीस. आणि मी येणार असले की पिन आणखी आत, थेट कातडीला लागून.

मी आले की पुरळ, मी गेले की आठवड्याने साफ. तू खोटं काही बघितलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच धरलं असतं. दृष्ट घाऱ्या डोळ्यांची लागते असं सगळं गाव मानायचं, आणि बाबा गेल्यावर गावात घारे डोळे माझेच.

मार्केला चार वर्षांची होती. ऑगस्टचा महिना, मी अंजिरांची टोपली घेऊन आले होते. तू दारातच थांबवलंस. "तुझं मन चांगलं आहे, अनेझी. डोळे काही तुझ्या हातात नाहीत. पण आता येऊ नकोस." टोपली घेतली नाहीस. मी ती बोटीवर एका खलाशाला दिली.

त्या दोघी काल गेल्या. मी धक्क्यावर गेले नाही.

तुझी
अनेझिना


पिरेअस, २८ मार्च

ताई,

तुझा आवाज जाड झाला आहे. मला ओळखूच आला नाही. "कोण बोलतंय?" विचारलं तर म्हणालीस, "तुझी बहीण, आणखी कोण? बघितलंस ना पोरीला?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य ते.

मी नाही म्हणाले. तू म्हणालीस, "मग तिच्या पापण्या का सुजल्यात? परत आल्यापासून मी तीन-तीन पिना लावल्या, पुढे, मागे आणि उशीला, तरी अंगभर पसरलंय. आता डोळ्यांवर आलंय. एवढं काय बघितलंस?"

"ताई, माझं पत्र मिळालं का?"

"मिळालं. कापूस गुलाबी झाला म्हणे. माझं तेल रोज थाळीभर पसरतंय, ते काय मग?"

"आणि आधी कसं आलं होतं तिला? मी तर तिला भेटलेच नव्हते."

"मार्केला तुझ्याशी फोनवर बोलते. मला काय कळत नाही?"

"फोनवरून दृष्ट लागते?"

"तुझी लागते," असं म्हणून तू फोन ठेवलास. मग मला हसू आलं, ताई, खरंच आलं, कारण अगदी तू लहानपणी हरायला लागलीस की पट उधळायचीस, तसं होतं ते. आणि हसता हसता त्या सुजलेल्या पापण्या डोळ्यांपुढे आल्या, मी न बघितलेल्या.

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, एका जागी धातू लागला तरी दुसरीकडे उठू शकतं, पापण्या नाजूक असतात. तीन पिना म्हटल्यावर त्या नुसत्या "अरे देवा" म्हणाल्या.

आता माझं मागणं ऐक. एकच आहे.

पिना काढ. बटणाच्या आतून मार्केला कापड शिवेल. बाईंनी दिलेलं मलम लाव आणि कातडी पूर्ण साफ होऊ दे, लागेल तितका वेळ. मग मी येईन. पोरीच्या अंगावर पिन नाही, मणी नाही, लसूण नाही, तू थुंकायचं नाहीस, तेल नाही. मी तिच्यासमोर बसेन आणि दिवसभर तिच्याकडे बघेन. सरळ. संध्याकाळच्या बोटीने परत जाईन. मग तू आठवडाभर वाट बघ.

काही उठलं, तर मी पुन्हा बेटावर पाय ठेवणार नाही, फोन नाही, पत्रही नाही. मार्केलालाही माझ्याशी बोलू देऊ नकोस.

काही उठलं नाही, तर मला घरात घे.

अनेझिना


पिरेअस, १९ मे

प्रिय ताई,

मार्केलाने तुझा निरोप सांगितला. "येऊ दे. मी दारात उभी राहीन." उद्याच्या बोटीचं तिकीट काढलं आहे.

तुला वाटत असेल, मला खात्री आहे म्हणून मी एवढ्या तोऱ्यात बोलले. नाही. कापसाचा रंग मी स्वतः पाहिला, बाईंचं बोलणं मला पटतं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर मी शपथ घेतली असती. पण इतकी वर्षं एखादी गोष्ट अंगात राहिली की ती गुलाबी कापसाने पुसली जात नाही. शेजाऱ्यांचं बाळ जिन्यात भेटलं तर मी भिंतीकडे तोंड करते. एकदा बाजारात एका बाईच्या कडेवरच्या मुलाने माझं नाक धरलं, मी चुकून बघितलं, तर पुढे कितीतरी दिवस मी त्या गल्लीत रेंगाळत होते, ते मूल धडधाकट आहे का बघायला. आणि तेही बघता येईना.

लग्नानंतर स्तेलियोला मूल हवं होतं. मी म्हणायचे, घर लहान आहे. मग घर मोठं झालं. मी म्हणायचे, माझी तब्येत. तो भला माणूस, त्यानंतर मरेपर्यंत त्याने पुन्हा विचारलं नाही. मी कशाला घाबरत होते ते त्याला कधी सांगितलं नाही, तुलाही पहिल्यांदाच सांगते आहे. पाळण्यात वाकून बघायचं तर असतंच ना, ताई. किती दिवस बाजूला बघणार?

उद्या मेनाला काही झालं तर? आजच मला तिचं खाजवणं ऐकू येतंय, भिंतीपलीकडून, आणि ती तर बेटावर आहे.

मी येते. न येण्याचीच भीती जास्त वाटते.

अनेझिना


पिरेअस, २ जून

प्रिय ताई,

तू दारात उभी होतीस, हात एप्रनखाली. हातात काय होतं ते मी विचारणार नाही. त्यानंतर मी तुझ्याकडे बघितलं नाही, शब्द दिल्याप्रमाणे मेनाकडे वळले. म्हणून मला काय दिसलं ते तुला सांगायला हवं.

आधी परत तेच लाल बूट. मग गुडघे, एकावर खरचटलेलं. मग झगा. हनुवटीपर्यंत आले आणि तिथेच अडकले. मेना म्हणाली, "आजी म्हणाली आज तू मला बघणार आहेस. बघ ना लवकर, मला खेळायचंय."

मी वर बघितलं.

ताई, मला कुणीच कसं सांगितलं नाही?

लांबून निळे, जवळून राखाडी. मार्केलाला मी बोटीवरून फोन केला तर ती म्हणाली, "मावशी, मला वाटलं तुला माहीत आहे. तू आठवडाभर तिच्याबरोबर होतीस." होते. बुटांबरोबर होते.

त्या घटकेपासून माझी भीती गेली असं नाही. वेगळ्या जागी गेली. मी दिवसभर तिच्याकडे बघत राहिले ते परीक्षेसाठी म्हणून नाही. तिने मला तिची मांजर दाखवली, पाठीवर पट्ट्या कुठे होत्या ते दाखवलं, पडलेला दात दाखवला. शेजारची तान्ही मुलगी बघायला मला ओढत नेत होती, तर तू दारातून म्हणालीस, "मेना, तिच्याकडे टक लावून नको बघूस गं." आवाज किती हळू होता तुझा. आणि तिने लगेच मान खाली घातली. सवय असल्यासारखी. सहा वर्षांची पोर.

तेव्हा मला कळलं. ताई, एवढ्या पिना तू कुणासाठी लावत होतीस? माझी दृष्ट तिला लागू नये म्हणून, की तिची कुणाला लागू नये म्हणून? पोरीला माझ्यासारखं दारातून परत पाठवतील, या भीतीने तू तिला टोचत होतीस का? उत्तर देऊ नकोस. तू जेवायला वाढताना माझ्या ताटाकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही, ते मी पाहिलं.

काल तुझा फोन आला. आठवडा केव्हाच उलटून गेला होता. तू आधी हवापाण्याबद्दल बोललीस. मग म्हणालीस, "काही नाही उठलं. कातडी दुधासारखी आहे."

मी फोन कानाला धरून रडायला लागले.

"रडू नकोस," तू म्हणालीस. "म्हातारी झालीस, आता तुझ्या डोळ्यांत जोर राहिला नाही, म्हणून नाही उठलं. नाहीतर उठलं असतं." आणि लगेच, "ऑगस्टमध्ये येशील ना? खोली झाडून ठेवते. उशा मात्र तुझ्या तू आण, आमच्या टणक आहेत."

चालेल, ताई. जोर नाही राहिला. तुला जसं म्हणायचं तसं म्हण.

मी येईपर्यंत हे खोकं पुढे पाठवते आहे, कप्तानाच्या ओळखीच्या माणसाबरोबर. नीट वाटून दे.

चार सुती बनियन आणि दोन पँट मेनासाठी. नाडीच्या आहेत, एकही हूक नाही, एकही बटण नाही. लहान झाल्या की कळव, मी शिवते.

निळ्या दोऱ्याने भरतकाम केलेली कापडी पुरचुंडी, आत थोडं मीठ. ती तुझ्यासाठी आहे, तुला पोरीच्या उशीखाली काहीतरी ठेवल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून. धातू नाही त्यात.

आईच्या सोन्याच्या रिंगा मार्केलाच्या. बाईंनी त्यांच्यावर बोळा फिरवून बघितला, पांढराच राहिला. तिने त्या रोज घालाव्यात, पेटीत ठेवू नयेत.

कॉफीचा डबा समोरच्या कातिंगोला, मी रस्त्याने गेले की जी अंगणात उतरून तीनदा थुंकायची. काही सांगू नकोस, नुसता दे. आणि देताना मेनाला बरोबर ने. पोर कातिंगोकडे बघेल, बघू दे. कातिंगोच्या तोंडावर किंवा तुझ्या तोंडावर काही दिसलं, तर ते मेनाला दिसू देऊ नकोस.

लिफाफ्यातला फोटो तुझा. मार्केलाने त्या दिवशी ओट्यावर काढला, मी इथल्या दुकानातून छापून घेतला. मी आणि मेना, दोघी सरळ समोर बघतोय. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लाव, मेना बसते तिथून दिसेल असा. तिच्या उंचीला, तुझ्या नाही.

तुझी
अनेझी